लायब्ररी बसत नाही? आधी प्रोजेक्टचं वय विचारा

फेब्रुवारी लागला की नागपुरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत सीनियर मंडळींच्या प्रोजेक्टची झिप पेन ड्राइव्हवरून फिरायला लागते. ती नव्याकोऱ्या लॅपटॉपवर उघडली जाते, वेबसाइटवरून सगळ्यात ताजं पायथन उतरवलं जातं, आणि पहिल्याच पिप इन्स्टॉलला (पिप म्हणजे पायथनच्या लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, उतरवून बसवणारं साधन) लाल अक्षरांची रांग लागते. मग फोन येतो.

"सर, टेन्सरफ्लो इन्स्टॉलच नाही होऊन राहिलं."
"पायथन कोणतं टाकलंस?"
"लेटेस्ट!"

हे 'लेटेस्ट' बहुतेक वेळा दुखण्याचं मूळ असतं. टेन्सरफ्लो ही मशीन लर्निंगची लायब्ररी बिघडलेली नसते, इंटरनेटही ठीक असतं. तीन वर्षांपूर्वीचा कोड आज निघालेल्या पायथनवर बसवायचा प्रयत्न चाललेला असतो, एवढंच. त्यामुळे या लेखातला सगळा उपाय एका वाक्यात मावतो: लायब्ररीला पायथनच्या मागे पळवू नका, लायब्ररीला चालेल ते पायथन आणा. बाकी सगळं ते कसं करायचं, याबद्दल.

एक सूचना आधीच. खाली आज्ञा देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. फोनवर कुणी सांगावं आणि तुम्ही रोमन अक्षरांत टाइप करावं, तसं समजा. 'पाय' म्हणजे पी-वाय ही दोनच अक्षरं, 'व्हेन्व्ह' म्हणजे व्ही-ई-एन-व्ही. टिंब, हायफन, समान चिन्ह जिथे दिसेल तिथे तसंच टाकायचं.

हे होतं तरी का

पायथनची नवी आवृत्ती आता दरवर्षी ऑक्टोबरात येते. ३.१२ आलं ऑक्टोबर २०२३ मध्ये, ३.१३ ऑक्टोबर २०२४ मध्ये, ३.१४ ऑक्टोबर २०२५ मध्ये. प्रत्येकीला साधारण पाच वर्षांचं आयुष्य असतं. आधी चुका दुरुस्त होतात, नंतर फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, मग तेही थांबतं. ३.८ चं आयुष्य ऑक्टोबर २०२४ मध्ये संपलं, ३.९ चं २०२५ मध्ये.

शुद्ध पायथनमध्ये लिहिलेल्या लायब्ररीला यातल्या बऱ्याच बदलांची झळ लागत नाही. पण नमपाय (आकडेमोडीसाठी), पांडाज (तक्त्यांसाठी), टेन्सरफ्लो यांच्या पोटात सी आणि सी प्लस प्लसचा कोड असतो. तो एका ठरावीक पायथनसाठी आधीच कंपाइल करून 'व्हील' नावाच्या फाइलमध्ये दिलेला असतो. व्हील म्हणजे रेडिमेड शर्ट. तुमच्या मापाचा नसेल तर पिप तुमच्या हातात कापड, म्हणजे सोर्स कोड, ठेवतं आणि शिंपी घरातच शोधायला सांगतं. विंडोज लॅपटॉपवर हा शिंपी सहसा नसतो. म्हणून 'मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस १४.० ऑर ग्रेटर इज रिक्वायर्ड' असा संदेश येतो. तो वाचून कित्येक जण कित्येक जीबींची बिल्ड टूल्स उतरवत बसतात. कृपा करून बसू नका. दहापैकी नऊ वेळा त्या संदेशाचा खरा अर्थ 'या पायथनच्या मापाचं व्हील नाही' एवढाच असतो. बिल्ड टूल्स टाकूनही जुनी पांडाज नव्या पायथनवर कंपाइल होईल याची खात्री नसते, कारण आतले दुवेच बदललेले असतात.

पायरी १ : नेमकं कोणतं पायथन चालतंय ते बघा

हास्यास्पद वाटेल, पण एका लॅपटॉपवर तीन-तीन पायथन असतात आणि मालकाला एकाचाच पत्ता असतो. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हे टाइप करा:

पाय -०पी

(इथे शून्याचा आकडा आणि त्याला चिकटून पी.) मशीनवरची सगळी पायथन त्यांच्या फोल्डरसकट दिसतील. मग:

पायथन -एम पिप --व्हर्जन

या ओळीच्या शेवटी कंसात पायथनचा आकडा येतो. पिप ज्या पायथनचं आहे, लायब्ररी त्याच पायथनमध्ये जाते. नुसतं 'पिप इन्स्टॉल' लिहिलं तर पाथमध्ये (मशीन प्रोग्राम जिथे शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) जे पहिलं सापडेल ते पिप धावतं. लायब्ररी एका पायथनमध्ये पडते आणि प्रोग्राम दुसऱ्यात चालतो. 'इन्स्टॉल झालं म्हणते, पण इम्पोर्ट होत नाही' या तक्रारीचं कारण बहुधा हेच. म्हणून इथून पुढे नुसतं 'पिप' लिहायची सवय सोडा आणि कायम 'पायथन -एम पिप' लिहा.

'पायथन' टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडलं, तर तो विंडोजचा आडवळणाचा शॉर्टकट आहे. सेटिंग्जमध्ये 'ॲप एक्झिक्युशन एलियासेस' शोधून तिथले पायथनचे दोन खटके बंद करा.

आणि हो, ३२ बिट की ६४ बिट, तेही बघा. जुन्या लॅबमधल्या मशीनवर ३२ बिट पायथन आजही सापडतं, आणि टेन्सरफ्लो फक्त ६४ बिटवर चालतं. विंडोज ७ असेल तर पायथन ३.८ च्या पुढे जाताच येत नाही.

पायरी २ : लाल अक्षरं वाचा, पण कुठली

सगळ्या ओळी वाचायची गरज नाही. चार-पाच नमुने ओळखता आले तरी पुरे.

'कुड नॉट फाइंड अ व्हर्जन दॅट सॅटिसफाइज द रिक्वायरमेंट'. यापुढे कंसात 'फ्रॉम व्हर्जन्स' म्हणून यादी येते. ही यादी नीट बघा. लायब्ररीच्या सगळ्या आवृत्त्या यात नसतात, फक्त तुमच्या पायथनला बसू शकतील अशाच असतात. पायथन ३.१३ वर टेन्सरफ्लो २.१० मागितलं तर यादी २.२० च्या आसपास सुरू होते. मागितलेलं त्यात नाही, म्हणजे पायथन चुकलं. यादीच्या जागी 'नन' असेल तर तीन शक्यता: नावाचं स्पेलिंग चुकलंय, तुमच्या पायथनसाठी काहीच उपलब्ध नाही, किंवा पायथन ३२ बिट आहे.

'इग्नोर्ड द फॉलोइंग व्हर्जन्स दॅट रिक्वायर अ डिफरंट पायथन व्हर्जन'. इथे पिप स्वतःच हातात उत्तर देतं. पुढच्या ओळींत कोणत्या आवृत्तीला कोणतं पायथन लागतं तेही लिहिलेलं असतं.

'नो मॉड्यूल नेम्ड डिस्टयुटिल्स' किंवा 'पीकेजीयूटिल हॅज नो ॲट्रिब्यूट इम्पइम्पोर्टर'. हे दिसलं की डोळे मिटून सांगावं, पायथन ३.१२ किंवा पुढचं आहे आणि लायब्ररी त्याआधीची. ३.१२ मधून डिस्टयुटिल्स आणि इम्प ही जुनी मॉड्यूल्स काढून टाकली, शिवाय नव्या व्हेन्व्हमध्ये (एका प्रोजेक्टपुरत्या वेगळ्या पायथनमध्ये) सेटअपटूल्स हे लायब्ररी बांधणारं साधन आपोआप येणंही बंद झालं. फक्त डिस्टयुटिल्सची तक्रार असेल तर 'पायथन -एम पिप इन्स्टॉल सेटअपटूल्स' केल्याने कधी कधी भागतं. इम्पइम्पोर्टरची तक्रार आली तर मात्र लायब्ररी आपल्यासोबत जुनं सेटअपटूल्स ओढतेय असं समजा आणि खालचं पायथन घ्या.

'कॅनॉट इम्पोर्ट नेम मॅपिंग फ्रॉम कलेक्शन्स'. ही ३.१० ची करामत. मॅपिंगसारखी नावं त्या आवृत्तीपासून 'कलेक्शन्स' ऐवजी फक्त 'कलेक्शन्स.एबीसी' मध्ये मिळतात. सीजीआय किंवा टेलनेटलिब सापडत नसेल तर तो ३.१३ चा परिणाम. त्या वेळी अशी १९ जुनी मॉड्यूल्स एका झटक्यात काढली गेली.

पायरी ३ : प्रोजेक्टचं वय काढा

आता मुख्य काम. इथे घाई करू नका.

नागपुरात दरवर्षी कुणी ना कुणी संत्र्याच्या पानांवरचा रोग ओळखणारा प्रोजेक्ट करतंच. समजा, पानावर खैऱ्या आहे की नाही हे फोटोवरून सांगणारा असा एक प्रोजेक्ट तुमच्या हाती आलाय. फोल्डरमध्ये रिक्वायरमेंट्स नावाची टेक्स्ट फाइल, म्हणजे लागणाऱ्या लायब्ररींची यादी, आहे आणि तिच्यात टेन्सरफ्लो==२.१०.० अशी ओळ आहे. पायपीआय या पायथन लायब्ररींच्या भांडाराच्या संकेतस्थळावर टेन्सरफ्लोचं पान उघडा आणि 'रिलीज हिस्टरी' मध्ये २.१०.० शोधा. तारीख मिळते सप्टेंबर २०२२. हे झालं प्रोजेक्टचं वय.

त्या आवृत्तीच्या पानावर डाव्या बाजूला 'रिक्वायर्स: पायथन >=३.७' असं काहीतरी दिसेल. इथे बरेच जण फसतात. हा फक्त खालचा आकडा आहे. '३.७ किंवा त्यावरचं' वाचून ३.१३ चालेल असं वाटतं, पण वरची मर्यादा तिथे बहुधा लिहिलेलीच नसते. खरी मर्यादा 'डाउनलोड फाइल्स' मध्ये सापडते. तिथल्या फाइलींच्या नावांत 'सीपी३७', 'सीपी३८', 'सीपी३९', 'सीपी३१०' असे तुकडे असतात. सीपी म्हणजे सीपायथन, आपण रोज वापरतो तेच. पुढचा आकडा आवृत्तीचा, टिंब काढून लिहिलेला. सीपी३१० म्हणजे ३.१०. २.१० च्या यादीत सीपी३११ नाही, म्हणजे ३.१० हे शेवटचं स्टेशन. नावाच्या शेवटी 'विन_एएमडी६४' असेल तर ती ६४ बिट विंडोजची फाइल, इंटेलचा प्रोसेसर असला तरीही. 'मेनीलिनक्स' म्हणजे लिनक्सची. आणि 'पीवाय३-नन-एनी' असेल तर निश्चिंत राहा, 'रिक्वायर्स' मधली अट पाळली की ती लायब्ररी कुठल्याही पायथन ३ वर उतरते. चालेलच याची हमी नाही, पण निदान बसते.

रिक्वायरमेंट्स फाइलच नसेल, किंवा असून आकडे नसतील, तर कोडच्या फाइलींवर शेवटचा बदल कधी झाला ते बघा, रिपोर्टवरचं वर्ष बघा, थेट सीनियरला विचारा. वर्ष कळलं की माझा ठोकताळा असा: त्या वेळी जे पायथन येऊन एक वर्ष झालं होतं, ते घ्या. २०२३ च्या मार्चमधला प्रोजेक्ट असेल तर ३.१० (ते ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं). तेव्हाचं सगळ्यात ताजं ३.११ होतं, पण लायब्ररीवाल्यांना नव्या पायथनची व्हील्स बनवायला वेळ लागतो. एक पायरी खाली राहिलं की त्या काळातल्या जवळजवळ सगळ्या लायब्ररी भेटतात.

"मग टेन्सरफ्लोच नवं टाकू ना," हा प्रश्न येतोच. टाका, पण कोडही बदलावा लागेल. २.१६ पासून टेन्सरफ्लोसोबत केरास ३ (मॉडेल बांधायची लायब्ररी) येतं. जुन्या नोटबुकांमधली 'फिट जनरेटर' ही मॉडेलला शिकवायची आज्ञा त्यात नाही, आणि जुन्या पद्धतीने साठवलेलं मॉडेल उघडताना कुरबुर होते. व्हायव्हा आठवड्यावर आलेली असताना तो उद्योग काढू नये.

पायरी ४ : दुसरं पायथन शेजारी बसवा

पहिलं काढायची गरज नाही. दोन्ही गुण्यागोविंदाने नांदतात.

विंडोजसाठी पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावर जा. इथेही एक खाच आहे. एखादं पायथन 'फक्त सुरक्षा' टप्प्यात गेलं की त्याचा तयार इन्स्टॉलर मिळणं बंद होतं, पुढच्या दुरुस्त्या निव्वळ सोर्स कोड म्हणून येतात. त्यामुळे ३.१० चा शेवटचा आकडा शोधलात तर इन्स्टॉलर सापडणार नाही. इन्स्टॉलर असलेल्या शेवटच्या आवृत्त्या लिहून ठेवा: ३.८.१०, ३.९.१३, ३.१०.११, ३.११.९, ३.१२.१०. आपल्याला ३.१०.११ हवंय, ६४ बिट. बसवताना 'ॲड टू पाथ' वर टिक करू नका, नाहीतर आधीचं पायथन मागे पडेल आणि दुसऱ्या प्रोजेक्टचा गोंधळ होईल.

उबुंटूवर मामला वेगळा आहे. २२.०४ सोबत ३.१० येतं, २४.०४ सोबत ३.१२. सिस्टिमच्या पायथनला हात लावायचा नाही, त्याची लिंक तर अजिबात बदलायची नाही, कारण उबुंटूची स्वतःची कितीतरी साधनं त्याच्यावर चालतात. 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' असा संदेश आला तर उबुंटू तुम्हाला हेच सांगतंय. काही जण त्यावर 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' चा पर्याय सुचवतात. नावातच काय होणार ते लिहिलंय. त्यापेक्षा डेडस्नेक्स पीपीए (उबुंटूसाठी पायथनच्या इतर आवृत्त्या देणारं बाहेरचं भांडार) जोडा आणि 'पायथन३.१०' सोबत 'पायथन३.१०-व्हेन्व्ह' हेही पॅकेज घ्या. दुसरं विसरलं तर पुढची पायरी अडते.

पायरी ५ : प्रत्येक प्रोजेक्टला स्वतःचं घर

विंडोजवर प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन:

पाय -३.१० -एम व्हेन्व्ह .व्हेन्व्ह

.व्हेन्व्ह\स्क्रिप्ट्स\ॲक्टिव्हेट

पॉवरशेलने 'रनिंग स्क्रिप्ट्स इज डिसेबल्ड' म्हणून हात वर केले तर साधा कमांड प्रॉम्प्ट उघडा, तिथे हा प्रश्न येत नाही. ओळीच्या सुरुवातीला कंसात .व्हेन्व्ह दिसलं की पुन्हा एकदा 'पायथन --व्हर्जन' विचारून खात्री करा. ३.१०.११ यायला हवं.

आता लायब्ररी टाका, पण क्रमाने. आधी सगळ्यात हट्टी, म्हणजे इथे टेन्सरफ्लो, आणि त्याच आज्ञेत नमपायचा आकडाही द्या:

पायथन -एम पिप इन्स्टॉल टेन्सरफ्लो==२.१०.० नमपाय==१.२३.५

नमपाय वेगळं का लिहायचं? टेन्सरफ्लो २.१० ने नमपायची खालची मर्यादा सांगितली होती, वरची नाही, कारण २०२२ मध्ये नमपाय २ अस्तित्वातच नव्हतं. ते आलं जून २०२४ मध्ये, आणि त्याने आतली जोडणी बदलली. मोकळं सोडलं तर पिप नमपाय २ उचलतं, इन्स्टॉल हिरवंगार दिसतं आणि इम्पोर्ट करताना 'अ मॉड्यूल दॅट वॉज कम्पाइल्ड युझिंग नमपाय १.एक्स कॅनॉट बी रन' असा दणका बसतो. पायथन बरोबर असूनही गाडी अडते ती अशी. जुन्या प्रोजेक्टमध्ये आकडा नसलेली प्रत्येक ओळ हा असाच भुयारी मार्ग असतो.

पुढची धोक्याची जागा म्हणजे ओपनसीव्हीसारखी (फोटोंवर काम करणारी) दुसरी लायब्ररी नंतर टाकणं. ती आपल्या सोयीचं नमपाय वर ओढून आणते. म्हणून प्रत्येक नव्या लायब्ररीसोबत 'नमपाय==१.२३.५' पुन्हा लिहा. जमत नसेल तर पिप तिथेच भांडेल आणि तुम्हाला ओपनसीव्हीची जुनी आवृत्ती शोधावी लागेल. इन्स्टॉलच्या वेळी झालेलं भांडण परीक्षकांसमोर होण्यापेक्षा केव्हाही परवडलं. शेवटी:

पायथन -एम पिप चेक

'नो ब्रोकन रिक्वायरमेंट्स फाउंड' आलं की निम्मी लढाई जिंकली. उरलेली निम्मी म्हणजे मुख्य फाइल चालवून बघणं.

हेच काम यूव्हीने

ज्यांना नवं साधन शिकायला हरकत नाही त्यांनी यूव्ही घ्यावं. पिप आणि व्हेन्व्ह दोन्हींचं काम करणारं हे साधन २०२४ पासून उपलब्ध आहे आणि पिपपेक्षा कितीतरी चपळ आहे. 'यूव्ही व्हेन्व्ह --पायथन ३.१०' म्हटलं की पायथन मशीनवर नसेल तर स्वतः आणतं, इन्स्टॉलर शोधायची भानगडच नाही. पण मला त्यातली सगळ्यात आवडलेली सोय दुसरीच आहे:

यूव्ही पिप इन्स्टॉल -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी --एक्सक्लूड-न्यूअर २०२२-१२-३१

म्हणजे या तारखेनंतर प्रसिद्ध झालेलं काहीही घेऊ नकोस. नमपाय २ चा भुयारी मार्ग आपोआप बंद. रिक्वायरमेंट्समध्ये एकही आकडा नसलेले प्रोजेक्ट या एका पर्यायाने उभे राहतात. प्रोजेक्टचं वय काढायला लावलं ते याचसाठी.

नकाशावाल्यांसाठी थोडं वेगळं

नागपुरात एमआरसॅक (महाराष्ट्राचं सुदूर संवेदन केंद्र) आहे, मृदा सर्वेक्षणाचं राष्ट्रीय ब्यूरो आहे, त्यामुळे इथे उपग्रह प्रतिमा आणि नकाशांवर काम करणारी पोरंही बरीच. त्यांचं दुखणं जीडॅल, म्हणजे नकाशांच्या फाइली वाचणारी लायब्ररी. पायपीआयवर जीडॅल फक्त सोर्स रूपात मिळतं, म्हणजे विंडोजवर 'पिप इन्स्टॉल जीडॅल' कुठल्याही पायथनवर अडखळणार. इथे आवृत्ती बदलत बसू नका. फक्त रास्टर (उपग्रह प्रतिमांसारख्या फाइली) वाचायचं असेल तर रास्टेरिओ घ्या, त्याच्या व्हीलमध्ये जीडॅल आतच असतं. पूर्ण जीडॅल हवं असेल तर मिनीफोर्ज (कॉन्डा या साधनाचा इन्स्टॉलर) बसवून कॉन्डा-फोर्ज या भांडारावरून घ्या. कॉन्डा पायथनसकट सी च्या लायब्ररीही जुळवून देतं, पिपला ते जमत नाही. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर स्वतःचं पायथन घेऊन येतं. त्यात बाहेरून पिपने ढवळाढवळ केली तर क्यूजीआयएसच उघडेनासं होऊ शकतं.

लॅबमधल्या मशीनवर नेताना

घरी चाललं, आता कॉलेजच्या लॅबमध्ये दाखवायचंय आणि तिथलं इंटरनेट भरवशाचं नाही. .व्हेन्व्ह फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करून नेऊ नका. त्यात तुमच्या मशीनचे पत्ते पक्के लिहिलेले असतात, दुसरीकडे ते चालत नाही. त्याऐवजी घरी:

पायथन -एम पिप फ्रीझ > रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी

पायथन -एम पिप डाउनलोड -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी -डी फाइल्स

हा 'फाइल्स' फोल्डर आणि ३.१०.११ चा इन्स्टॉलर सोबत घ्या. लॅबमध्ये पायथन बसवून व्हेन्व्ह बनवा आणि:

पायथन -एम पिप इन्स्टॉल --नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स फाइल्स -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी

इंटरनेटची गरज नाही. अट एकच, दोन्हीकडे तेच पायथन आणि त्याच जातीची ऑपरेटिंग सिस्टिम हवी. घरी उबुंटू आणि लॅबमध्ये विंडोज असेल तर उतरवलेली व्हील्स निरुपयोगी.

गूगल कोलॅबवर (ब्राउझरमध्येच पायथन चालवायची सोय) विसंबून राहणाऱ्यांनीही जपून. तिथलं पायथन आणि लायब्ररी गूगल आपल्या सोयीने वर नेतं. गेल्या वर्षी सीनियरच्या नोटबुकमध्ये चाललेलं यंदा तिथेच अडू शकतं.

खाली उतरणं कधी टाळायचं

वर सांगितलं ते जुना प्रोजेक्ट चालवून दाखवण्यापुरतं. ३.१० ला सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहेत. हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याला तुम्ही इंटरनेटवर उघडी असलेली सिस्टिम देणार असाल, तर आयुष्य संपलेलं पायथन वापरणं म्हणजे दाराला कडी न लावणं. तिथे उलट दिशेने जावं लागतं. एकेक आवृत्ती वर चढायची, प्रत्येक टप्प्यावर इशारे वाचायचे, लायब्ररी बदलायच्या. थेट ३.८ वरून ३.१३ वर उडी मारली तर पन्नास चुका एकदम अंगावर येतात आणि कुठली कशामुळे ते कळत नाही.

आणि एखाद्या लायब्ररीची शेवटची आवृत्ती चार-पाच वर्षांपूर्वीची असेल, तक्रारींना कुणी उत्तर देत नसेल, तर तिच्यासाठी पायथन खाली आणत राहण्यात अर्थ नाही. पर्याय शोधा.

पिप फ्रीझ सगळ्या लायब्ररींचे आकडे लिहितं, पण पायथनचा आकडा लिहीत नाही. सगळा गोंधळ त्या न लिहिलेल्या एका आकड्यापायी होतो. तेव्हा प्रोजेक्ट ज्युनियरच्या हाती देताना रीडमी या माहितीच्या फाइलच्या पहिल्या ओळीत 'पायथन ३.१०.११, ६४ बिट' एवढं लिहून द्या.